भावोजींविरुद्धची फाइल

३ मार्च, सकाळी ७.१०
१. ताईच्या डाव्या टाचेवर काळा डाग.
२. गेल्या मे महिन्यात तिने तो भावोजींना दाखवला. ते म्हणाले, बूट चावला असेल.
३. जूनमध्ये पार्लरवालीने पाय घासताना पाहिला. म्हणाली, रंग एकसारखा नाही, डॉक्टरांना दाखवा.
४. दाखवला नाही.
५. काल बायोप्सीचा रिपोर्ट आला. मेलानोमा. त्वचेचा कॅन्सर.
६. दोष भावोजींचा.
सहावा मुद्दा सिद्ध व्हायचा आहे. मी लॅबमध्ये लोकांची मापन-उपकरणं तपासते. पुराव्याशिवाय कुणाला नापास करत नाही. यांना मात्र करणार.

४ मार्च
ठराव: भावोजींशी बोलायचं नाही.
संध्याकाळी त्यांनी विचारलं, जेवलीस का. ‘हो’ म्हटलं. एक शब्द धरायचा नाही.

७ मार्च
हॉस्पिटल. मी डॉक्टरबाईंना सांगितलं की ताई छत्रीशिवाय उन्हात जात नाही. त्या म्हणाल्या, हा तळपायावर, तळहातावर, नखाखालीसुद्धा होतो. लोक मुका मार समजून सोडून देतात. मी ‘लोक’ खाली रेघ मारली आणि भावोजींकडे पाहिलं. ते ताईची चप्पल शोधत होते.
डागाची त्वचेतली जाडी १.८ मिमी. जाडी वाढते तसा धोका वाढतो. ऑपरेशन २१ ला. कॅन्सर पुढे पसरलाय का हे पाहायला जांघेतली एक लसिका गाठही काढून तपासणार.
नऊ महिन्यांपूर्वी जाडी किती असती, हे विचारलं. म्हणाल्या, तेव्हा पाहिलं असतं तर सांगता आलं असतं.
हे वाक्य फाइलमध्ये पहिल्या पानावर.

९ मार्च
ताईचा फोन. म्हणे, तू माझ्या नवऱ्याशी बोलत नाहीस असं कळलं. बरं झालं, घरात एकाला तरी शांतता मिळाली. मग म्हणाली, सोड ना. सोडणार नाही. ती भोळी आहे.

११ मार्च, दुपारी १
पार्लरवालीची साक्ष. तिला सगळं आठवतं. ऑगस्टमध्ये तिने पुन्हा विचारलं होतं. ताई म्हणाली, माझ्या बहिणीने मोजलंय, काही नाही.
साक्षीदाराची स्मरणशक्ती भरवशाची नाही.
निघताना ती म्हणाली, मॅडम, मोजे काढा, तुमचेही तळवे बघते. वेळ नव्हता.

१२ मार्च
हो, जूनमध्ये मोजलं होतं. व्हर्निअरने, तीन रीडिंग, सरासरी ५.६ मिमी. त्वचेच्या कॅन्सरवरच्या एका माहितीपत्रकात लिहिलं होतं, ६ मिमीपेक्षा मोठा डाग संशयास्पद. ५.६ हे ६ पेक्षा कमी आहे. लॅबमध्ये पास झालेल्या उपकरणावर हिरवं स्टिकर लावतो, तसं मी ताईच्या टाचेवर लावलं. ती दोन दिवस हसत होती.
आज पत्रक पुन्हा काढलं. मागच्या पानावर: डाग लहान असला तरी आकार किंवा रंग बदलत असेल तर लगेच दाखवा. मागचं पान मी तेव्हा उलटलं नव्हतं. छपाई सदोष आहे. महत्त्वाचं वाक्य पुढच्या पानावर हवं.
माझं माप बरोबर होतं. व्हर्निअरचं सर्टिफिकेटही चालू होतं.

१४ मार्च, सकाळी १०
भावोजींसमोर फाइल ठेवली. अकरा पानं. त्यांनी चष्मा पुसून सगळी वाचली. म्हणाले, बुटाचं खरं आहे, मी तसं म्हणालो होतो. पण पार्लरवालीने सांगितल्यावर मी त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट घेतली होती.
मग गेला का नाहीत, मी विचारलं.
म्हणाले, स्टिकर लागलं ना. ही म्हणाली, आता कशाला.
हे इतके दिवस सांगितलं का नाही? तर म्हणे, तुझ्या ताईने शपथ घातली होती. माझ्या बहिणीला कळलं तर ती कोलमडेल, म्हणाली.
मग माझं सगळं ऐकून का घेतलंत?
म्हणाले, ऐकून कुठे घेतलं? तू बोलतच नव्हतीस.

१५ मार्च
काही लिहिण्यासारखं नाही.

१६ मार्च, सकाळी ६.३०
फाइल रद्द. ताईला पाठवायचं ते आधी इथे लिहिते, म्हणजे खाडाखोड इथेच होईल.
ताई, जूनमध्ये चूक माझी झाली. मी डाग मोजला, पण तो वाढतोय का हे तुला विचारलं नाही. तुझी अपॉइंटमेंट माझ्यामुळे रद्द झाली. २१ ला ऑपरेशन चालू असताना मी बाहेर भावोजींच्या शेजारी बसले तर तुला चालेल का? १९ तारखेपर्यंत कळव. नको असेल तरी कळव.