गाऱ्हाण्यातली एक ओळ

मरोळ गावठाण, अंधेरी
९ नोव्हेंबर १९७०

ती. ज्युलियाबाय हिस,
धाकट्या बहिणीचा, पेट्रीचा, प्रभूत सप्रेम सलाम. वि. वि.

तुझ्या फिलिपबरोबर पाठवलेली वांगी पोचली. इसिडोरने दोन दिवस सलग खाल्ली आणि म्हणाला, ज्युलियाबायच्या वाफ्यातल्या वांग्याने बाजारातल्या वांग्याला नातेवाईक म्हणू नये. एवढी स्तुती त्याने माझ्या स्वयंपाकाची लग्नाच्या वर्षीही केली नव्हती.

माझी बातमी अशी की कॉलेजात एवढी वर्षं मानसशास्त्र शिकवते म्हणून प्राचार्यांनी मला एक नवं काम दिलं आहे. मुलांच्या मनात काही अडलं असेल तर ते ऐकायचं आणि वाट काढायला मदत करायची. त्यासाठी मे महिन्यात चार आठवड्यांचं शिक्षण झालं, एक जाडजूड अमेरिकन पुस्तक मिळालं आणि जिन्याखालची खोली मिळाली. समोरासमोर दोन खुर्च्या, खिडकीला पडदा, दार बंद. पुस्तक सांगतं की मुलाने एकान्तात, स्वतःच्या तोंडाने 'मला असं वाटतं' म्हटलं की गाठ सुटायला लागते. मला ते चटकन पटलं. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी आम्हांला सातव्या वर्षापासून चर्चमधल्या कबुलीच्या पेटीपुढे गुडघे टेकून आपली पापं सांगायला शिकवलं, त्यामुळे सगळं जग तसंच बोलतं असं मी धरूनच चालले होते.

पण बाय, कोणी येतच नाही. दारावर 'मानसिक सल्ला' अशी पाटी आहे. पाच महिन्यांत दोघे आले. एकाला वेळापत्रक हवं होतं आणि दुसऱ्याने मुतारी कुठे आहे ते विचारलं. इसिडोर म्हणतो, कोळीणसुद्धा दार लावून मासे विकत नाही.

आणि एका मुलाने तर मला कोड्यातच टाकलं आहे. चंद्रप्रकाश नाव, इंटर सायन्सला, जोगेश्वरीला चाळीत राहतो, घर मूळचं मालवणकडचं. नाव तुझ्यापाशीच ठेव. वर्गात सुरेख वही लिहितो, पण परीक्षेला बसला की उजवा हात लाकडासारखा होतो. दोन चाचण्यांत कोरा कागद देऊन आला. डॉक्टरांना हातात काही सापडलं नाही. मार्चअखेर युनिव्हर्सिटीची परीक्षा आहे आणि इंटरचं वर्ष गेलं की पुढची सगळी दारं बंद. वर्गात चालणारा हात परीक्षेतच का थांबत असेल? मला दुसरं काही सुचतच नाही.

लोभ कायम राहो, वांगीही.
तुझी, पेट्री

एक्सर, बोरिवली
१५ नोव्हेंबर १९७०

बाय पेट्री हिला,
ज्युलियाचा आशीर्वाद आणि सलाम. वि. वि.

पत्र फिलिपकडून दोनदा वाचून घेतलं, हेही मी सांगतेय आणि तोच लिहितोय. एकदा समजायला आणि एकदा हसायला. अगं, जिन्याखालच्या खोलीत बंद दारामागे कोण येईल? आपल्या मार्कसमामाला वेड लागलं तेव्हा त्यालाही कोठीच्या खोलीत बसवलं होतं. ती मुलं पाटी वाचून हेच समजत असणार.

मी शेतातली बाई. मला तुझं पुस्तक कळत नाही. पण पाटी काढ आणि दाराबाहेर पाण्याचं मडकं ठेव, वर झाकण, बाजूला पेला. दार उघडं ठेव आणि आत काहीतरी विणत बस. तहान लागलेला येतो, आणि पाणी पिताना माणूस क्षणभर थांबतो. पुढचं तुझं तुला.

त्या हाताचं मात्र मलाही कळेना. आमचा बैल एकदा असाच ठरावीक बांधापाशी थांबायचा. नांगर बदलला, जू बदललं, तरी थांबायचा. नंतर कळलं की त्याच्या जोडीदाराला तिथे साप चावला होता.

इसिडोरला सांग, दुधी धरलाय. माया पातळ होऊ देऊ नकोस.
ज्युलिया

मरोळ गावठाण, अंधेरी
२४ जानेवारी १९७१

ती. ज्युलियाबाय हिस,
पेट्रीचा सलाम. वि. वि.

तुझ्या मडक्याने कमाल केली आणि मी सगळं घालवून बसले. क्रमाने सांगते.

मडकं ठेवल्यापासून रोज पाच-सहा मुलं येतात. कोणी उभ्याउभ्या बोलतं, कोणी उंबऱ्यावर बसतं. डिसेंबरात चंद्रप्रकाशही आला. पाणी प्यायला आणि माझ्या विणकामाचा टाका चुकला आहे एवढंच म्हणाला. खरंच चुकला होता. मग तो येतच राहिला. मी त्याला माझ्यासमोर लिहायला लावलं तर दोन पानं मोत्यासारखी लिहिली. फिजिक्स त्याला मनापासून आवडतं. गिरणी सुटल्यापासून वडील, दशरथ, ट्रॉम्बेला अणुकेंद्राच्या बागेत माळी आहेत. शास्त्रज्ञ रोज त्यांच्या गुलाबांजवळून जातात आणि आपला मुलगा त्याच वाटेने आत जावा असं त्यांना वाटतं. थोरला भाऊ धोंडू साकीनाक्याला कारखान्यात आहे. एवढं कळलं. पण तुला काय वाटतं, असं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं: "बरं आहे, बाई." अकरा वेळा विचारलं, अकरा वेळा बरं आहे.

माझा धीर सुटला. पुस्तकात लिहिलं होतं की मूल आईबापांच्या इच्छेखाली दबलं असेल तर त्याला स्पष्ट बोलायला शिकवावं. मी दार लावून घेतलं आणि त्याला सांगितलं, वडिलांना तोंडावर सांग की ही स्वप्नं तुमची आहेत, माझी नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. आठवड्याने हे पत्र आलं. जसंच्या तसं उतरवते.

'सौ. बाई यांस, दशरथचा सा. न. वि. वि. तुम्ही आमच्या मुलास बापाविरुद्ध बोलण्यास सांगितले असे कळले. तुम्ही शिकलेल्या आहात, तुमच्या मनात वाईट नसेल. पण आमच्यात पोर आपले दुखणे आपल्या तोंडाने सांगत नाही. त्याकरिता वडील माणूस असते. मुलाची अन्नावरची वासना गेली आहे. शिमग्याआधी त्यास गावी नेऊन देवास कौल लावून विचारणार आहोत. तो तिकडेच काकापाशी राहील. परीक्षेस बसणार नाही. आपण तसदी घेऊ नये. कळावे.'

अक्षर विचित्र आहे, मोठं, डावीकडे कललेलं, पहिलीतल्या मुलाने काढावं तसं. पण भाषा किती नीटस. हे कोणी लिहिलं असेल, या विचाराने मी ते पत्र पुन्हा पुन्हा उघडते. आणि त्या मुलाचं वर्ष, कदाचित आयुष्यच, माझ्या एका वाक्याने गेलं असेल, या विचाराने पुन्हा बंद करते.

मी काय करू, बाय?
तुझी चुकलेली, पेट्री

एक्सर, बोरिवली
३१ जानेवारी १९७१

बाय पेट्री हिला,
आशीर्वाद. वि. वि.

रडणं पुरे. त्या बापाने तुला काय करायचं ते स्वतःच लिहून पाठवलंय आणि तू अक्षर बघत बसलीस.

तुला आपल्या दारचा क्रूस आठवतो का? मे महिन्यात सगळं गावठाण संध्याकाळी तिथे प्रार्थनेला जमायचं. आई पुढे म्हणायची आणि आपण मागून सगळे मिळून 'आम्हांसाठी विनंती कर' म्हणायचो. शेवटी आई घरच्या एकेकाचं मागणं सांगायची. ज्युलियाला चांगलं घर मिळो, मार्कसचं डोकं शांत होवो. आपलं मागणं आपण कधी मागितलं होतं का? आई मागायची, आपण साथ द्यायची. तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा आईने म्हटलं, आमची पेट्री सिस्टर होवो. सगळ्यांनी साथ दिली. तू माझ्या शेजारी उभी होतीस. तू तोंड मिटून घेतलंस.

तुला वाटलं कोणाला कळलं नाही. मला कळलं होतं.

तेव्हा त्यांच्या घरी जा. बापाची माफी माग. खुर्ची मागू नकोस, प्रश्न विचारू नकोस. ते लोक आपलं मागणं कसं मागतात ते बघ. आणि कोण कुठे गप्प राहतं ते ऐक.

बाटलीत भरलेला वर्षाचा मसाला संपत आला असेल, मे महिन्यात नवा कुटेपर्यंत माझ्यातला पाठवते. तू जा.
ज्युलिया

मरोळ गावठाण, अंधेरी
२२ फेब्रुवारी १९७१

ती. ज्युलियाबाय हिस,
पेट्रीचा सलाम. वि. वि.

काल रविवारी चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून इसिडोरला घेऊन जोगेश्वरीला गेले. माझा अर्धा धीर त्याच्या खिशात असतो. खोलीत दहा-बारा माणसं जमलेली, देवाच्या फळीपुढे नारळ आणि विडा मांडलेला. त्याच दिवशी मुलाला गावी न्यायचं होतं आणि निघण्याआधी गाऱ्हाणं घालायचं होतं. मी दारातच दशरथना म्हटलं, माझी चूक झाली, मी माफी मागायला आले आहे. ते म्हणाले, आला आहात तर बसा. चपला काढून आम्ही मागे भिंतीशी बसलो.

बाय, गाऱ्हाणं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं आणि वाटलं, हे तर मला माहीत आहे. वडील माणूस नारळावर हात ठेवून घरातलं दुखणं देवाला मोठ्याने सांगतो आणि प्रत्येक ओळीला सगळे मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. चंद्रप्रकाश मध्ये उभा होता. मान खाली, पण आवाज स्पष्ट. ह्या लेकराचा हात कोणी धरला असेल तर सोडव. व्हय म्हाराजा. कोणाची नजर लागली असेल ती उतरव. व्हय म्हाराजा. त्याला विद्या येऊ दे, साहेब होऊ दे. व्हय म्हाराजा, आणि बाय, ही ओळ त्याने सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटली. माझं पुस्तकी निदान तिथल्या तिथे खोटं पडलं. वडिलांचं स्वप्न त्याचंही होतं.

मग दशरथ म्हणाले, "थोरल्याचो हात गेलो म्हाराजा, तेचां सोनां धाकट्याच्या हातान होवंदे."

सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. चंद्रप्रकाशने तेवढं म्हटलं नाही.

मी मान वळवून थोरल्याकडे पाहिलं तेव्हा मला दिसलं. धोंडूच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, मधलं काही नाही. ते कललेलं अक्षर त्याच्या डाव्या हाताचं होतं. नंतर कळलं, धाकट्याचं कॉलेज चालावं म्हणून हा स्वतःचं शिक्षण सोडून साकीनाक्याला पत्रा कापायच्या प्रेसवर उभा राहिला आणि पहिल्याच वर्षी बोटं गेली. घरात कोणी त्याबद्दल बोलत नाही. फक्त गाऱ्हाण्यात येतं.

मी उठणारच होते. जिभेवर प्रश्न होता. इसिडोरने माझा पदर धरून मला खाली बसवलं. त्याचं मी आयुष्यभर ऐकलं नाही, काल ऐकलं. दशरथ पुढची ओळ म्हणायला थांबले होते, कारण त्यांनाही ती गप्प जागा ऐकू आली होती. तेवढ्यात धोंडू पुढे झाला. बाप असताना मुलगा गाऱ्हाणं घालत नाही, असं मला शेजारच्या बाईने नंतर सांगितलं. त्याने आपला तो हात नारळावर ठेवला.

"म्हाराजा, माझो हात गेलो तो माझो गेलो. तेचां ओझां ह्येच्या हातार नको. ह्येका ह्येच्या हातान लिवंदे."

खोलीत कोणी साथ दिली नाही. बापाच्या ओळीवर दुसरी ओळ चढलेली, म्हणायचं तरी काय? मग चंद्रप्रकाशने मान वर केली आणि एकट्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा." त्याच्यामागून सगळ्यांत आधी दशरथनी म्हटलं.

आम्हांला चहा मिळाला. दशरथ म्हणाले, कौल मे महिन्यात लावू, आधी परीक्षा होऊ दे. परीक्षेत काय होईल ते देवालाच ठाऊक; हात लगेच सुटेल असं मी कोणाला सांगितलं नाही. पण बाई, पोराला एकटं बसवून विचारू नका, असं ते म्हणाले. म्हणून आजपासून माझ्या खोलीत तिसरी खुर्ची आहे. कारखान्यातली पाळी सुटली की मंगळवारी धोंडू येऊन तिच्यावर बसेल.

एक विचारू? नऊ वर्षांची असताना मी गप्प राहिले. मग मला कॉन्व्हेंटात सिस्टर व्हायला का नाही पाठवलं? त्या वर्षी मला हिवताप झाला म्हणून सुटले, असं मी आजवर धरून चालले होते.

माया असू दे.
पेट्री

एक्सर, बोरिवली
१ मार्च १९७१

बाय पेट्री हिला,
आशीर्वाद. वि. वि.

हिवताप बरा व्हायला पंधरा दिवस लागले. सिस्टर तर वर्षभर वाट बघायला तयार होत्या.

आईने ती ओळ त्या वर्षी आणखी तीन संध्याकाळी म्हटली. तुझ्या बाजूला बघत. चौथ्या संध्याकाळी गाळली. मग तुझ्या नावाशी आली की मागणं न सांगता एक श्वास थांबायची आणि पुढे जायची. मरेपर्यंत तशीच थांबायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, तिचं तिला सुचेल तेव्हा ती जागा तीच भरेल.

आता तू त्या मुलासाठी थांब. काही म्हणू नकोस.

वांग्याचा हंगाम संपला. आठवण संपू देऊ नकोस.
ज्युलिया

जोगेश्वरी
१८ एप्रिल १९७१

ती. बाईंस,
चंद्रप्रकाशचा कृ. सा. न. वि. वि.

काल शेवटचा पेपर झाला. पहिल्या पेपराला दुसऱ्या प्रश्नावर हात धरला. मी पेन खाली ठेवलं आणि तुम्ही सांगितलं होतं तसं नुसता बसून राहिलो. वीस मिनिटं गेली. समोर घड्याळ होतं, पण घाबरलो नाही. मग हात आपोआप हलला. तो पेपर अर्धाच झाला. पुढच्या पेपरांत कमी कमी थांबला. फिजिक्सला एकदाही नाही. पास होईन की नाही सांगता येत नाही, गणितात जेमतेम पास होण्यापुरतंच लिहिलं आहे. नापास झालो तर ऑक्टोबरला पुन्हा बसावं, असं आबा स्वतःच म्हणाले. ट्रॉम्बेचे गुलाब कुठे पळून जात नाहीत, असंही म्हणाले.

दादाने तिसऱ्या खुर्चीबद्दल विचारायला सांगितलं आहे. त्याच्या कारखान्यातल्या कुंडलिकचा भाऊ जूनमध्ये आपल्या कॉलेजात येतोय. तो फार गप्प असतो. दादा त्याला मडक्यापर्यंत आणून सोडेल, चालेल का?

आमच्या घरची पत्रं आजवर दादाच लिहीत आला, अपघातानंतर डाव्या हाताने. आज तो बाजूला बसून सांगतोय आणि मी लिहितोय. तो म्हणतो, बाईंना माझा नमस्कार लिही.

लिहिला आहे.

आपला विद्यार्थी,
चंद्रप्रकाश