‘सात होकार’ आणि आमचा वाचनकट्टा

सीबीडी बेलापूर,
गुरुवार, दुपार

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. भावोजींनाही सांग. पत्र पाहून दचकू नकोस, आम्ही दोघंही सुखरूप आहोत. (हल्ली टपालाने पत्र आलं की माणसं आधी कोण गेलं ते शोधतात, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकलं.) तुझे गुडघे कसे आहेत? दापोलीच्या त्या वैद्यांचं तेल लागू पडलं का? फोनच करणार होतो, पण तू फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडत बसतेस आणि मागून भावोजी हवामानाचा अंदाज सांगतात. बहीणभावांत काही गोष्टी खाजगी राहाव्यात. शिवाय बत्तीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला, कागदावर उतरवल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असं वाटतच नाही.

तर घडलं ते असं. वैजयंती शाळेतून निवृत्त झाली तेव्हा आता घरात दोन वेळचा चहा वेळेवर मिळेल अशी माझी माफक अपेक्षा होती. तिने सोसायटीच्या हॉलमध्ये वाचनकट्टा काढला. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दहा-बारा बायका जमतात, एक पुस्तक घेतात आणि त्यावर बोलतात. (पुस्तकावर वीस मिनिटं, बाकी वेळ पाण्याच्या टाकीवर.) आजवर प्रवासवर्णनं झाली, आठवणी झाल्या, कोणाला काही त्रास नव्हता. या महिन्यात तिने ‘सात होकार’ नावाची कादंबरी निवडली आणि आमच्या शांत इमारतीला ग्रहण लागलं.

कादंबरी अशी आहे. पुढच्या काळातलं एक शहर. तिथे प्रत्येक बाईला एक पालक नेमलेला. बाप, नाहीतर नवरा, नाहीतर मुलगा. पालकाने दिवसाला जास्तीत जास्त सात होकार द्यायचे. खिडकी उघडायला एक, रस्त्यावर हसायला एक, माहेरी निरोप पाठवायला दोन. सात संपले की बाईने दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प बसायचं. उरलेले होकार पुढच्या दिवसावर टाकता येत नाहीत. नायिकेचा नवरा मरतो आणि तिचा बारा वर्षांचा मुलगाच तिचा पालक होतो. मी सुरुवातीची चाळीस पानं वाचली आणि वैजयंतीला स्पष्ट सांगितलं की लेखिकेने गृहपाठ केलेला नाही. इतके होकार रोज दिले जातात, त्यांची नोंद कोणत्या रजिस्टरात होते? आवक-जावक कोण बघतं? एवढा मोठा कारभार नोंदीशिवाय चालेल का? वैजयंतीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तक काढून घेतलं.

शनिवारच्या आधी तिने ही गोष्ट राहीबाईला सांगितली. राहीबाई म्हणजे आमची दिवाळे कोळीवाड्यातली मासळीवाली. दर बुधवारी पाटी घेऊन येते आणि दारात बसून मासे साफ करून देते. बोंबील साफ होता होता निम्मी कादंबरी सांगून झाली. राहीबाईने सुरी थांबवून विचारलं, “नि नवरा दारू पिऊन परला तं होकार कोन देल?” लेखिकेने हाही मुद्दा सोडलेला आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मग म्हणाली, “ती बाई मासली इकाला बसली असती ना, तं ते राज एक दिस नाय चाललं असतं.” मला हे फार आवडलं. मी म्हटलं, बघा, आमच्या कोळणी किती स्वतंत्र! तर ती माझ्याकडे न बघताच वैजयंतीला म्हणाली, “मासली मी इकते, बाजार मी करते, पन होरी कोनाच्या नावान हाय? त्याच्याच ना!” (होरी म्हणजे होडी.) आणि पुन्हा बोंबलाकडे वळली. मी आत जाऊन पेपर वाचत बसलो.

इकडे आमचे सोसायटीचे अध्यक्ष दिनानाथराव यांच्या कानावर गेलं की हॉलमध्ये पुरुषांच्या विरुद्ध पुस्तक वाचलं जाणार आहे. त्यांनी लगेच नोटीस लावली की या वेळी पुरुष सभासदांनीही ‘समतोल राखण्यासाठी’ हजर राहावं. आम्ही सहाजण गेलो. सुरुवात दिनानाथरावांनीच केली. त्यांनी पुस्तकाचं फक्त मागचं पान वाचलं होतं, त्यामुळे ते मोकळेपणाने बोलू शकले. म्हणाले, त्या शहरात शिस्त आहे, रस्ते स्वच्छ आहेत, पार्किंगची भांडणं नाहीत, हेही लेखिकेने लिहायला हवं होतं. मग ते नफिसाकडे वळले. (नफिसा आमच्या समोरच्या फ्लॅटमधली, बेलापूरच्या कोर्टात वकिली करते. तिचे यजमान फजलभाई मूळचे उरणचे, त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. आपल्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात दोघं.) दिनानाथराव आवाजात साखर घालून म्हणाले, “नफिसा मॅडम, तुम्हाला तर हे पुस्तक अगदी जवळचं वाटलं असेल.”

“वाटलं ना,” नफिसा म्हणाली. “महिन्यापूर्वी मी बाथरूमच्या गळतीची तक्रार दिली. तुमचं उत्तर फजलच्या फोनवर आलं. फ्लॅट माझ्या नावावर आहे, दिनानाथजी. फजलला तर गळती कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं.”

“मला अजूनही नाही,” फजलभाई म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांपुढे समोशांचं ताट फिरवलं.

हशा ओसरतो न ओसरतो तोच मागच्या रांगेतून एक बारीक आवाज आला. “सात?” दिनानाथरावांच्या मिसेस, सुंदराबाई. ताई, चौदा वर्षं आम्ही एका इमारतीत राहतोय, या बाईंचा आवाज मी ‘अहो, या ना’च्या पलीकडे ऐकलेला नव्हता. त्या म्हणाल्या, “रोजचे सात? मला चालतील हो. कुठे मिळतात?”

दिनानाथराव आढ्याकडे बघत राहिले. आता वातावरण कोणीतरी सावरायला हवं, म्हणून मी उठलो. (तू म्हणशील, तुला कोणी सांगितलं होतं? वैजयंतीही हेच म्हणाली.) मी म्हटलं, सगळे पुरुष सारखे नसतात. आमच्याच घरचं बघा. एकतीस वर्षांत मी वैजयंतीला कशालाही नाही म्हटलेलं नाही. जेव्हा जेव्हा तिने विचारलं, तेव्हा तेव्हा मी परवानगी दिली आहे!

ताई, मी टाळ्यांसाठी थांबलो होतो. आधी नफिसा हसली, मग तिच्या शेजारची, मग सगळा हॉल. फजलभाईंनी समोसा तोंडात कोंबून घेतला. वैजयंती हसली नाही. ती पुस्तकाची पानं सारखी करत बसली, आणि मला त्याचंच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी साडेदहाला दिनानाथराव आमच्या दारात. पायांत दोन वेगवेगळ्या चपला. “सुंदरा कुठाय?” म्हणाले. साडेसातला देवळात जाते म्हणून गेल्या त्या परतल्याच नव्हत्या, आणि फोन ओट्यावरच. दिनानाथरावांनी वैजयंतीवर सरळ आरोप ठेवला की तुमच्या पुस्तकाने माझ्या बायकोचं डोकं फिरवलं. आम्ही देऊळ पाहिलं, बाग पाहिली, मेट्रोच्या स्टेशनापर्यंत जाऊन आलो. मग रखवालदाराच्या केबिनमध्ये बसून सीसीटीव्हीचं चित्रण पाहिलं. त्यात सुंदराबाई लिफ्टमधून उतरताना दिसल्या, हातात पिशवी, केसांत अबोलीचा गजरा. आणि चक्क हसत होत्या. दिनानाथरावांनी तेवढाच भाग चार वेळा मागे-पुढे करून पाहिला. “ही कोणाकडे बघून हसतेय?” म्हणाले. लिफ्टमध्ये दुसरं कोणीच नव्हतं. मग ते खुर्चीत बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. मला म्हणाले, “जयप्रकाश, तिला रस्ता ओलांडता येत नाही रे.” तेव्हा मात्र मला त्यांची दया आली.

पोलिसांत जायचं ठरत होतं, तेवढ्यात नफिसाचा फोन लागला. ती सासरी उरणला गेली होती आणि गेटवर भेटलेल्या सुंदराबाईंना तिनेच गाडीतून मोऱ्याच्या जेट्टीवर सोडलं होतं. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते ना, तिच्यात त्यांना एकदा बसायचं होतं. लग्न होऊन आल्यापासून म्हणत होत्या म्हणे. दिनानाथराव म्हणायचे, रस्ता असताना पाण्यातून कशाला?

दुपारी चार वाजता त्या आल्या. ओहोटीमुळे परतीची लाँच अडली होती म्हणे. तोंड उन्हाने लाल, गजरा सुकलेला. खाली लॉबीत आम्ही दहा-बाराजण उभे. दिनानाथरावांना रडू येत होतं बहुतेक, पण त्यांच्या तोंडून निघालं ते असं, “कोणाला विचारून गेलीस?”

सुंदराबाईंनी पिशवी खाली ठेवली. मग अगदी सरळपणाने म्हणाल्या, “लाँचवाल्याला विचारलं. तो म्हणाला, बसा मावशी.”

त्या रात्री मी उरलेली कादंबरी वाचायला घेतली. खरं तर सगळे माझ्यावर का हसले ते शोधायचं होतं. एकशे ऐंशीव्या पानाच्या आसपास नायिकेची आई शेजारच्या गावात अत्यवस्थ असते. नायिकेच्या वाट्याला त्या दिवसाचा एकच होकार उरलेला असतो. ती अंगणात मुलाकडे जाते आणि विचारते. तो म्हणतो, उद्या. तो दुष्ट नाही, ताई. त्याचा खेळ चालू असतो, एवढंच.

मी पुस्तक मिटलं. आमच्या वरदची दहावी होती त्या वर्षी, वैजयंतीची आई सावंतवाडीला आजारी होती. मी स्वयंपाकघरात गेलो. वैजयंती दुधाला विरजण लावत होती. मी विचारलं, “त्या वर्षी तुला मी आईकडे जायला नाही म्हटलं होतं का गं?”

ती म्हणाली, “नाही. तुम्ही म्हणालात, वरदची परीक्षा झाली की जा.”

“मग?”

“गेले की. दहाव्याला पोचले.”

तिने भांड्यावर झाकण ठेवलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस इतकी वर्षं? तर म्हणाली, “तुम्ही विचारलं कुठे?” माफी मागावी असं सारखं वाटत होतं, पण इतकी जुनी माफी कुठून सुरू करायची ते कळेना. शेवटी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, “हो.” एवढंच. मग मला कोमट दुधाचा पेला दिला आणि झोपायला गेली.

तेव्हापासून मी पुष्कळ बदललो आहे. (आज गुरुवार. बदल रविवारी झाला.) सोमवारी मी स्वतःचं ताट धुतलं. मंगळवारी वैजयंतीला सांगून टाकलं की यापुढे तुला मला काहीही विचारायची गरज नाही. ती म्हणाली, “मी सहा वर्षांपासून विचारत नाही. तुमच्या लक्षात नाही आलं?” दिनानाथराव दोन दिवस खाली उतरले नाहीत. काल मात्र दोघं जेट्टीवर गेल्याचं फजलभाईंनी सांगितलं. सुंदराबाई लाँचच्या पुढच्या टोकाला बसल्या होत्या आणि दिनानाथराव मध्यभागी खांब धरून, डोळे मिटून. फजलभाईंनी फोटो काढलाय.

असो. पत्र लांबलं. स्त्री ही कोणाची पाल्य नव्हे, ती स्वतंत्र व्यक्ती आहे, असं माझं आता ठाम मत झालं आहे, आणि ते सर्वांत आधी तुला कळवावंसं वाटलं, कारण लहानपणी मला तूच कडेवर घेऊन फिरलीस. भावोजींना जप. गुडघ्यांना जास्त.

तुझा,
जयप्रकाश

ता. क. : तेल लावल्यावर लगेच जिने चढू नकोस.

ता. क. २ : हो, एक किरकोळ गोष्ट राहिलीच. बाबांच्या उरणच्या जागेच्या हक्कसोडपत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. विमानतळ झाल्यापासून तिकडे विचारणा फार वाढली आहे आणि दोन नावं असली की व्यवहार अडतो. तुझं नाव काढून टाकलं की सगळं सुटसुटीत होईल. तू कधी माझ्या शब्दाबाहेर गेली नाहीस, म्हणून वेगळं विचारलं नाही. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करून उलटटपाली पाठव. नोंदणीला बोलावीन तेव्हा एक दिवस यावं लागेल. हवं तर आधी भावोजींना विचार.

ता. क. ३ : ताई, मी वैजयंती. पाकीट डकवायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. मला वाचून दाखवलं होतं ते ‘तुझा, जयप्रकाश’पर्यंतच. तो मसुदा मी काढून घेतला आहे आणि आज, शुक्रवारी सकाळी नफिसाला दाखवला. ती म्हणते, जागा निम्मी तुमची आहे, कशावरही सही करू नका. पाकीट हाताला हलकं लागू नये म्हणून आत हळदीकुंकवाचे फोटो घातलेत. पाकीट आता ते स्वतः पोस्टात घेऊन निघाले आहेत. पुढच्या रविवारी तुम्ही या, आपण दोघी उरणला जाऊन ती जागा बघून येऊ. लग्न झाल्यापासून नुसती ऐकतेय, मी ती अजून एकदाही पाहिलेली नाही.