उलटी गाठ

आष्टा, माघ, सन १९४४

अंजीच्या बापास घरातनं हात जोडून नमस्कार.

आवं, भूमिगतांच्या त्या लग्नातले हार तुमीच बांधलंसा न्हवं? छापा पडला, मानसं निसटली, हार तेवढे मागं ऱ्हायले. परवा सकाळी फौजदार त्यातलाच एक सुकलेला हार घेऊन दारात आला. म्हनला, "ही उलटी गाठ कुनाची?" तुमी डावरे, तुमची गाठ उलटीच बसती. मी लगीच म्हनलं, "सायेब, माझ्याकडं मांडव सजवाय शिकनाऱ्या समद्या पोरी अशीच गाठ मारत्यात."

ते खोटं हुतं. ते खरं करायला त्याच दुपारी पोरींस्नी उलटी गाठ शिकवाय बसले. माळा, वेण्या, मुंडावळ्या, समदं उलटं. फौजदाराची पोरगी शालू बी त्यातच हाय. तिला एकटीला कशी वगळू?

आज शालू हसत आली. "मावशी, माझा हार बघून आबांनी इचारलं, ही गाठ कवा शिकलीस? मी म्हनलं, परवाच. आदी समद्या सरळच मारायचो."

तवापास्नं कडी वाजली की अंजीला पोटाशी धरते. उद्या मला चौकीवर बोलावलंय.

घराकडं येऊ नगा. जिथं असाल तिथं फुलाला हात लावू नगा. एवढंच कळवायचं हुतं, आन् धाडायला तुमचा पत्ता न्हाई.

तुमची वाट न बघनारी,
अंजीची आई