आडाच्या पाण्यातलं आकाश

जिंतूर, ३ जून १९५१
सौ. माहेरी चुडाव्याला जाऊन सत्तावीस दिवस. तिच्या भाचीचं लग्न कधीच उरकलं. आज चौथं पत्र टाकलं. उत्तर एकाचंही नाही. प्रत्येकात विरहाचा एकेक श्लोक होता. बहुधा तेच नडलं.

६ जून
शेजारचे करीमसाहेब, उर्दू शाळेचे ड्रॉइंगमास्तर. त्यांच्याकडे जलरंग शिकायला लागलो. शब्दांनी बिघडलंय, तर चित्र पाठवू. आपल्या ओसरीचं. घर पाहून तरी...
पहिला धडा: कागद भिजवा, रंग सोडा, गप बसा. मी कुंचल्यानं घोटत राहिलो. "पंडतजी, पानी को काम करने देव. तुम बीच में भोत बोलते." तोंडातून शब्द काढला नव्हता. पण खरं आहे.

११ जून
निळा पसरेचना. दाणे धरून खाली बसला. आकाशाला गोवर आल्यासारखा. तीन कागद वाया. आधी कागदाला दोष दिला, मग कुंचल्याला. साहेबांनी वाटीत बोट बुडवून चाखलं. "ये तो आड का खारा पानी. इसमें रंग कैसा घुलेगा जी?"
आड आमच्याच परसातला. सौ. दोन वर्षं म्हणत होती, या पाण्यात डाळ शिजत नाही, नदीचं आणवा. मी काय केलं? भर पंगतीत म्हणालो, "आमचं वरण द्वैतमताचं. डाळ वेगळी, पाणी वेगळं." सगळे हसले. ती तूप वाढत होती. वाढत राहिली. दुसऱ्या दिवशी लग्नाचं निमित्त करून चुडावा.

१२ जून
नदीवरून कळशी स्वतः आणली. वाटेत तिघांनी विचारलं, "काकू न्हाईत का घरी?"
आकाश जमलं. ओसरी वाकडी. तशीच पोस्टात टाकली. मागे एवढंच: डाळीचं तू म्हणत होतीस ते खरं. मी चुकलो.

२१ जून
सौ.चं कार्ड! "चित्र पोचले. आपली ओसरी इतकी वाकडी नाही. न्यायला कोणी आले तर बघू." 'कोणी'खाली रेघ.
सहा वेळा वाचलं.

चुडावा, २४ जून
मेव्हणे: "या पंडित! चितारी झालात म्हणं?" मान डोलावली.
सौ. दाराआडून: "परत चार माणसांत हसं कराल माझं?"
"नाही."
"नुसतं नाही? श्लोक वगैरे?"
तोंडाशी एक आला होता. गिळला.
परभणीकडची गाडी चारला. ती आतल्या खोलीत ट्रंक उघडून बसलीय. लुगडी भरायलीय की काढायलीय, ओसरीवरून दिसत नाही. अर्धा तास झाला. विचारलं नाही.