नणंदेचा चिंध्यांचा गालिचा

३ नोव्हेंबर, सोमवार

तेलाचा डबा शोधत होते. यंदाचं ऑलिव्हचं तेल चार दिवसांत घाण्यावरून येईल, तर डबा धुऊन वाळवून ठेवावा म्हणून. सापडला — गच्चीच्या पायऱ्यांवर. तळाला सात भोकं, आत माती आणि पुदिन्याचं रोप!

यामना म्हणते, "वहिनी, रिकामाच तर होता."

रिकामा म्हणजे टाकलेला नव्हे, हे या बाईला कोण समजावणार?

एकवीस वर्षं संसार करून, मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने तिला परत पाठवली. बस्सूची एकुलती एक धाकटी बहीण, त्याने घरात घेतली. ठीक. मी एक शब्द बोलले नाही. पण दोन महिन्यांत या घराची काय दशा झाली आहे! रस्त्यावरून ट्रकचं फाटकं टायर घरंगळत आणलं, त्याला दोरी गुंडाळली, म्हणे स्टूल. धुण्याच्या पावडरीची बादली कापून कोंबड्यांचं ताट. मोडक्या खाटेच्या पायांच्या खुंट्या ठोकल्या. काल माझा बाहेर जायचा पायघोळ जेलाबा टांगला, तर खुंटी जेलाब्यासकट खाली.

बस्सू म्हणतो, "राहू दे ना, इत्तो, तिचा जीव रमतो." माझ्या जिवाचं कोण बघतं?

६ नोव्हेंबर, गुरुवार

बाजारातून आले. दार उघडलं तर पाऊल ठेवायला जागा नाही. सासूबाईंचं कपाट उघडं, चार पोती जमिनीवर उलटी केलेली. सासूबाईंचे कफ्तान, लोकरी झगे, मोजे, माझ्या मुलाचे शाळेचे स्वेटर, बस्सूच्या जंगलखात्याच्या नोकरीतल्या खाकी पँटी. मधोमध यामना, तोंडात कात्री.

"बैठकीच्या खोलीत फरशी बर्फासारखी असते. गालिचा विणू."

"लोकर कुठे आहे?"

"हीच की. चिंध्यांचा विणू. आई विणायची तसा."

कपाटाची किल्ली कुणी दिली? बस्सूने. मला न विचारता. सासूबाई गेल्यापासून वर्षभर त्या कपाटाला मी हात लावला नव्हता. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

साक्षरता वर्गाच्या बाई सांगायच्या, रोज चार ओळी लिहा, नाहीतर अक्षर विसराल. चार ओळींत माझं काय होणार! बरं आहे, घरात मला सोडून कुणाला वाचता येत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

माग उभा राहिला. कुठे? बैठकीच्या खोलीत. पाहुणा आला तर आता त्याला स्वयंपाकघरात बसवायचं.

वरच्या दांड्याला वाळवी लागली होती, म्हणून त्या जागी पाण्याचा जुना लोखंडी पाइप. ठोकायची फणी हरवली, म्हणून एका फळीला पाच काटे ठोकले — जेवायचे काटे, मुलाने इटलीहून आणलेले! म्हणाली, "वहिनी, आपण हातानेच जेवतो." खरं आहे, पण म्हणून काय!

सगळ्यात वाईट म्हणजे ताणा, म्हणजे उभे धागे, एकट्या बाईला ओढता येत नाही. दोघी लागतात. दुसरी मी.

दिवसभर ती एका टोकाला, मी एका टोकाला. ती म्हणते घट्ट ओढ, मी म्हणते घट्टच आहे. पाठ मोडली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवारचं कुसकुसचं जेवण आटोपून चिंध्या कापायला बसलो. पट्टी दोन बोटं रुंद हवी, असं सासूबाई सांगायच्या. कुणाची दोन बोटं? यामनाची बोटं खुरप्याच्या दांड्यासारखी. माझ्या पट्ट्या अरुंद, तिच्या रुंद. ती म्हणते मी कंजूस, मी म्हणते ती उधळी. शेवटी काडेपेटीची काडी घेऊन मापलं. काडीचं माप दोघींनाही चुकीचं वाटतं.

नायलॉनची गाठ बसत नाही, सुटते. लोकर चांगली बसते. खाकी पँट कापताना बस्सू दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "अजून घालण्यासारखी होती." दोघी एकदम म्हणालो, "नव्हती."

एवढ्या एकाच गोष्टीवर आमचं जमलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

माझा निळा कफ्तान कापला. निळा! मुलाच्या लग्नातला. बाहीची शिवण उसवली होती, शिवायला म्हणून टायरच्या त्या स्टुलावर ठेवला होता. मी कोंबड्यांना दाणे टाकून आले तोवर पट्ट्या झालेल्या. नीट काडीच्या मापाने कापलेल्या.

"स्टुलावर होता, मला वाटलं द्यायचाच आहे."

डोक्यावर ओढणी घेतली आणि तडक शेजारी कबूराकडे गेले. कबूरा आसपासच्या निम्म्या लग्नांत मध्यस्थ असते. चहा येण्याआधीच मी म्हटलं, "यामनासाठी कुणी आहे का बघ. लवकर बघ."

कबूराला दोन घोटांत आठवलं. मोहा, डोंगराकडच्या गावचा, स्वतःची पिठाची गिरणी. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मुलं शहरात. माणूस सभ्य. मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्याची आई अंथरुणाला खिळली आहे. सगळं जागेवर करावं लागतं. त्याला दणकट बाई हवी आहे, तीही लेकुरवाळी नको."

मी म्हटलं, "म्हातारीचं यामनाला आत्ताच सांगू नकोस."

हे मी म्हटलं. लिहिलं की डोक्यातून जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कबूराचा निरोप — एक तारखेला ते बघायला येतात. यामनाला सांगितलं. "बरं," म्हणाली आणि गाठ मारली. बस.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज सासूबाईंचा तपकिरी झगा निघाला. शेवटच्या हिवाळ्यातला. मागे कमरेपासून खालपर्यंत मी कापला होता — म्हणजे अंगाखालून न ओढता बदलता यावा. यामनाने तो कापलेला भाग हातात धरला आणि विचारलं, "हे काय?"

मग माझा तोल सुटला. चार वर्षांचं सगळं बाहेर आलं. दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, पाठीच्या जखमा, गाळलेलं सूप चमच्याने, हिवाळ्यात रोज धुवायच्या चादरी. त्या तुझं नाव घ्यायच्या आणि मला तुझ्याच नावाने हाक मारायच्या, असंही सांगितलं. म्हटलं, "चार वर्षं. तुझी आई होती. एकदा तोंड दाखवायला आली नाहीस."

ती गाठी मारत राहिली. तीन-चार गाठी झाल्या. मग म्हणाली —

"दोनदा निघाले होते वहिनी. पहिल्यांदा नवऱ्याने बसमधून उतरवून परत नेलं. लोकांसमोर, दंडाला धरून. दुसऱ्यांदा माझं ओळखपत्र लपवलं आणि बाहेरून कडी लावायला लागला. आई गेल्याचा निरोप त्याने मला तिसऱ्या दिवशी सांगितला. जेवण झाल्यावर."

"मग भावाला का नाही कळवलंस?"

"बस्सू मारामारी करायला आला असता. मग त्याला तुरुंगातून कुणी सोडवलं असतं?"

रडली नाही. उलट तिने माझी एक सैल गाठ उकलून पुन्हा मारली. मी उठून चहा केला. साखर घातली की नाही आठवेना म्हणून पुन्हा घातली. आम्ही तो पाक प्यायलो.

मला तिचा राग होता. चार वर्षं नीट सांभाळून ठेवलेला राग. तो आता कुणावर काढायचा?

१ डिसेंबर, सोमवार

आले. मोहा, त्याची थोरली बहीण, आणि कबूरा. बसवणार कुठे — मागासमोरच बसवलं. मोहा साठीचा असेल. पांढरा स्वच्छ जेलाबा, नखांत पीठ. वाईट वाटला नाही. हेच जास्त त्रासाचं झालं.

त्याने अर्धवट गालिच्याला हात लावून पाहिला. "या घरात काही वाया जात नाही वाटतं."

"माणसांचं सांगता येत नाही," यामना म्हणाली. मला हसू आवरेना.

त्याच्या बहिणीने विचारलं, "जड उचलता येतं का हिला?"

यामना म्हणाली, "ट्रकचं टायर आणलं होतं मी, बाजारापासून." ते स्टूलही दाखवलं. बहीण त्यावर बसून बघते तर उठता येईना, दोघींनी हात देऊन उठवली.

म्हातारीचा शब्द कुणी काढला नाही. बहिणीने एकदा माझ्याकडे पाहिलं — सांगितलंय ना, अशा नजरेने. मी भाकरीचे तुकडे करत राहिले.

ते गेल्यावर यामना बस्सूला म्हणाली, "माझी हरकत नाही." बस्सू इतका खूश झाला की संध्याकाळी गोड आणायला स्वतः गेला. मला एक तुकडा गिळवला नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

यामनाला आता घाई. महिनाअखेरीस लग्न, त्याआधी गालिचा उतरवायचाच म्हणते. पहाटेच्या नमाजानंतर बसते ती दुपारच्या जेवणालाच उठते. मधल्या चौकोनात माझा निळा कफ्तान घातला. कडेने सासूबाईंचा तपकिरी, मग खाकी. वर माझ्या मुलाच्या लाल स्वेटरचे ठिपके. आणि वैताग असा की दिसायला सुंदर दिसतं! एवढं बिघडवून पुन्हा सुंदर करते, तर भांडायचं कशावर?

मी विचारलं, "तुला जायचंच आहे का? जायलाच हवंस असं नाही."

"कुठेतरी जायलाच हवं ना वहिनी."

"इथे आहेस की."

तिने माझ्याकडे बघितलं. "तूच तर कबूराकडे गेली होतीस."

म्हणजे माहीत आहे. कफ्तानाचा राग आला होता, असं काहीबाही मी पुटपुटले. ती म्हणाली, "बरोबरच होतं. माझा कापला असता तर मीही गेले असते."

म्हातारीचं सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बस्सू आला, ऑलिव्हच्या पोत्याचं तोंड बांधायला दोरी मागत. यामना म्हणाली, "टायरला गुंडाळली सगळी." तो चिडला, ती चिडली, मी दोघांवर चिडले. राहून गेलं.

राहून गेलं नाही. राहू दिलं.

८ डिसेंबर, सोमवार

गालिचा मागावरून उतरवला. ताणा मी कापला, तिने खालून झेलला. जमिनीवर पसरला तर एक बाजू आखूड. माझी. मी घट्ट ठोकलं, तिने सैल. चारही कोपरे चार दिशांना. ती पोट धरून हसत बसली. मला राग यायला हवा होता.

बस्सू बूट घालून वर चालत आला. दोघी ओरडलो.

मग आम्ही त्यावर बसून चहा घेतला. पाय खरंच गरम राहतात. यामना म्हणाली, "आता तुला थंडी वाजणार नाही." असं म्हणाली, जणू ती या गोष्टीसाठीच आली होती आणि तिचं काम संपलं.

ती भांडी घेऊन आत गेली. चार वर्षं मी काय केलं ते मला माहीत आहे. हात कसे होतात, झोप कशी जाते, आपण माणूस आहोत हे कसं विसरायला होतं. आणि तेच मी तिच्या हातात देते आहे, झाकून, भेट दिल्यासारखं.

उद्या सांगणार. बस्सू आला तरी, कुणी आलं तरी.

९ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं. म्हातारी अंथरुणाला आहे, मला आधीपासून माहीत होतं, मीच कबूराला गप्प बसवलं — सगळं.

ती पीठ मळत होती, थांबली नाही. "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कबूराच्या पोटात काही राहतं का?"

"मग हो का म्हणालीस?"

"माझ्या आईचं तू केलंस. मला करता आलं नाही. कुणाच्या तरी आईचं करावं म्हटलं."

मी जेलाबा अंगात चढवला आणि कबूराकडे जाऊन लग्न मोडून आले.