पागुमे नामंजूर

नेहासे २४

आज परत गाशे देरेजेंशी वाजलं. वयाने मोठे म्हणून गाशे म्हणते, साहेबही आहेत, म्हणून काय झालं! म्हणे, "कोडमध्ये टाइप लावलेत ना? मग दारावर परत कसली झडती, येमी?" अहो, टाइप म्हणजे मी इथे बसून केलेला समज! महिना म्हणजे आकडा, असं मी लिहिते आणि यंत्र मान डोलावतं. पण चालू झाल्यावर आरोग्य केंद्रांतून रक्ताची जी मागणी येते ती मला विचारून येते का? महिन्याच्या जागी "उद्या". रक्तगटाच्या जागी नर्सचा फोन नंबर!

शेवटी तपासणीला हो म्हणाले. पण नियमांचा नमुना परदेशातल्या ग्राहकाचा, जसाच्या तसा. महिना एक ते बारा, बाकी नामंजूर. आणि आपला पागुमे? नेहासे संपल्यावरचे पाच दिवस, तेरावा महिना — तो कुठे जाईल?

गाशे म्हणतात, "पाच दिवसांसाठी करार मोडू का मी?"

नेहासे २५

फिकिर्तेताईचा फोन. दिवस पागुमेतच भरतायत. मागच्या बाळंतपणात रक्त जाऊन मरता मरता वाचली. म्हणून यंदा केंद्रातल्या नर्सबाई रक्त आधीच मागवून ठेवणार — आमच्याच यंत्रावरून. "तुझंच यंत्र ना गं? मग मला कसली भीती!" हसत होती. फोन ठेवला आणि तिच्याकडे जायला रजेचा अर्ज लिहिला.

नेहासे २७

रजा नाकारली. केंद्रांवर अजून चाचणीच चालू आहे, काम ग्राहकाच्या हवाली होईपर्यंत कुणी अदिस शहर सोडायचं नाही. कोडलाही कुलूप, गाशेंच्या संमतीशिवाय एक अक्षर बदलता येत नाही. जाताही येत नाही, काही करताही येत नाही. माझ्याच हाताने ताईच्या तोंडावर दार लावलंय मी!

नेहासे २९

हात जोडले, भांडले, रडले. "बाई, तू माझी नोकरी खाणार!" म्हणाले — आणि संमती दिली! एक ते तेरा. लगेच पागुमेची एक खोटी मागणी घालून पाहिली. मंजूर! सगळ्यांना कॉफी पाजली मी.

पागुमे १

पागुमेच्या यादीत ताईच्या केंद्राची मागणी दिसत नाही. फोन लागत नाही.

पागुमे ३

सकाळी भावोजींचा फोन. कळा सुरू झाल्या, रक्त आलेलं नाही. "नर्सबाई म्हणतात मंजूर झालंय, येईलच. कधी येईल गं?"

धावत जाऊन शोधलं. मागणी नेहासे २६लाच आली होती. रक्तगट बरोबर, केंद्र बरोबर, हिरवी खूण. रक्त कधी हवं? मेस्केरेम १. नववर्षाला!

गाशेंचा चेहरा उतरला. "मीच सगळ्या केंद्रांना कळवलं होतं... पागुमे लिहाल तर अडकेल. मेस्केरेम एक टाका, काम होईल. तू नियम बदलून घेशील हे तेव्हा कुठे माहीत होतं मला?"

बदलल्यावर तरी कळवायचं! आणि माझ्या तपासणीला काय बोलू? महिना एक, दिवस एक. सगळं चौकटीत बसत होतं.

रक्ताची गाडी तेव्हाच सोडायला लावली. रस्ता चिखलाचा, उद्याशिवाय पोचत नाही. भावोजी फोन उचलत नाहीत. उचला ना हो!

पागुमे ५

केंद्राकडून आज दोन नोंदी आल्या. एक जन्माची, मुलगी. एक मृत्यूची, फिकिर्ते. दोन्हींवर उद्याची तारीख, मेस्केरेम १. यंत्राने दोन्ही मंजूर केल्या.