डबा काढणार नाही

ती. भावोजींना,

मेहुणीचा नमस्कार. (राग आला तरी नमस्कार करायचाच, असं आईचं वळण आहे.) कंबर बरी असेल, ट्रकवर वेळेवर जेवत असाल. ताईची काळजी नको. पाचव्या महिन्यातही मला ओरडायला तिला दम पुरतो.

तुमचा निरोप पोचला. ‘तसला डबा’ दुकानातून काढ, नाहीतर गाळा रिकामा कर. कंडोमचा डबा, भावोजी. शब्द लिहिल्यानं शाई विटाळत नाही. गाळा तुमचा, मान्य. बाबा गेल्यावर त्यांचं केशकर्तनालय चालवते ते तुमच्याच छपराखाली, तेही मान्य. पण डबा काढणार नाही. आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी दिला तेव्हा मी तो आरशासमोरच ठेवला होता. काय सांगू! तोंडाला साबण लावलेली माणसं अर्धी दाढी तशीच ठेवून उठली. एक काका भिंतीकडे तोंड करून बसले. आता त्यांची मिशी मी कुठून कापायची? शेवटी डबा केस धुवायच्या पडद्यामागे हलवला, आणि अख्ख्या गल्लीचे केस एकदम मळायला लागले! निवृत्त हेडमास्तरांच्या डोक्यावर धुण्यासारखं काही उरलेलं नाही, तेसुद्धा पडद्यामागे जातात आणि कोरडं डोकं घेऊन बाहेर येतात. मी आपली कात्री पुसत बसते. आणि तुमच्याकडे चुगली करणारे ते शेजारी (कोण ते मला पक्कं ठाऊक आहे, त्यांची मान माझ्याच वस्तऱ्याखाली असते) खिसे भरभरून नेतात.

घराची अब्रू गेली म्हणता. एचआयव्ही काय घराणं विचारून येतो? दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावते तेव्हा तुम्हीच चारचौघांत माझं कौतुक करता. ब्लेडनं अब्रू राहते आणि डब्यानं जाते, हे गणित मला नाही जमत. घाला खुशाल कुलूप. रस्त्यावर खुर्ची टाकीन, झाडाला आरसा टांगीन आणि शेजारी डबा!

तुमची, अजून तरी भाडेकरू,
मेहुणी

ता. क. ताईची तपासणी झाली. तिला एचआयव्ही नाही. ते तसंच राहावं म्हणून नर्सबाईंनी तुम्हालाही बोलावलं होतं. तुम्ही ‘ट्रक नीट लावून येतो’ म्हणून केंद्राच्या दारातून निघालात ते थेट कामावर. ताई तुम्हाला काही म्हणणार नाही, संशय घेतल्यासारखं वाटेल म्हणून घाबरते. हातात घास धरून नुसती बसून राहते. मला बघवत नाही.

आणखी एक ता. क. तुम्ही तपासणी करून घ्या, मग तुमचंच म्हणणं मान्य. डबा मी माझ्या हातानं काढते, गाळ्याची किल्ली ताईकडे देते. (डबा दुसरीकडे ठेवीन, तो माझा प्रश्न.) काही निघालंच तर औषधं आहेत, तुम्ही नीट राहाल, वेळेवर कळलं तर ताईला आणि बाळालाही जपता येईल. एकट्याला लाज वाटत असेल तर आधी मी हात पुढे करते, मग तुम्ही. पण या हो, भावोजी.